दातांनाही उसंत हवी

'दात किडला' असं आपण अगदी सहज म्हणून जातो. ज्वारीच्या कणसाला कीड लागते, वांग्याला लागते, तशीच ती दातालाही लागते, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. आमच्या घरात दोन भाषा. बाहेर मराठी, आत दखनी. या बाबतीत दोघींचं एकमत आहे. मराठीत कीड, दखनीत कीडा. प्राचीन बाबिलोनियातल्या मातीच्या पाट्यांवरसुद्धा दातात घर करणाऱ्या किड्याची कथा कोरलेली सापडते. म्हणजे ही समजूत काही आपलीच नव्हे.

माझ्या लहानपणी गावात दाढेला काटेरिंगणीच्या बियांची धुरी देणारी माणसं होती. निखाऱ्यावर बिया टाकायच्या आणि तो धूर नळीनं ठणकणाऱ्या दाढेपर्यंत न्यायचा. ठणका थोडा वेळ बधिर व्हायचा, लाळ गळायची, आणि खालच्या पाण्यात पडलेलं काहीतरी पांढरं दाखवून 'हा बघा किडा' असं सांगितलं जायचं. माणूस समाधानानं घरी जायचा आणि आठ दिवसांनी गाल धरून परत यायचा.

किडा नाही, हे ठामपणे लिहिलं ते पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं, १७२८ साली. त्यानं शोधूनही त्याला किडा दिसला नाही. उलट गोड खाणाऱ्यांचे दात लवकर जातात, हे त्यानं तेव्हाच नोंदवून ठेवलं. पुढं १८९० मध्ये विलबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकानं कोडं बरंचसं उलगडलं. दात कुणी कुरतडत नाही. तो विरघळतो.

कसा विरघळतो, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी मेख तिथंच आहे. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की एक बुळबुळीत थर लागतो. ती जिवाणूंची वस्ती. आपण साखर खाल्ली की हे जिवाणूही ती खातात आणि त्यातून आम्ल तयार करतात. आम्लता मोजायची पीएच नावाची पट्टी असते. त्या पट्टीवर सात म्हणजे साधं पाणी. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. दातांवरच्या थरात हा आकडा साडेपाचच्या खाली उतरला की दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, कणाकणानं विरघळू लागतं. इनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण हाड मोडलं तर जुळतं; झिजून गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही.

मग एवढं गोडधोड खाऊनही आपले दात शिल्लक कसे राहतात? लाळेमुळे. लाळ आम्ल धुऊन काढते आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परत देते. विरघळायला लागलेली जागा ती डागडुजी करून भरून काढते. मात्र या कामाला तिला अर्धा तास लागतो, कधी तासभरही लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही पुन्हा काही गोड तोंडात टाकलंत, की झालेलं काम वाया आणि पहिल्यापासून सुरुवात.

कवितेच्या माणसाला ही गोष्ट चटकन पटते. वृत्तात यती असतो, ओळ म्हणता म्हणता जिथं थांबायचं ती जागा. ती गाळली की ओळ धापा टाकते. दातांचंही तसंच आहे. एका वेळी किती खाल्लं यापेक्षा दोन खाण्यांच्या मध्ये किती थांबलात, याचा हिशेब दात जास्त काटेकोरपणे ठेवतात.

आता आपल्या चहाचा हिशेब मांडू. उठल्याबरोबर एक. अंघोळ झाल्यावर एक. कचेरीत अकराला एक, कुणी भेटायला आलं की एक, चारला एक, घरी परतल्यावर एक. कविसंमेलन असेल तर मोजणंच सोडून द्यावं, कारण तिथं कवितांपेक्षा चहाच्या फेऱ्या अधिक होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण पंचवीस ग्रॅम, सहा चमचे. दोन चमच्यांचा चहा घेणाऱ्याचा हा कोटा तिसऱ्या कपालाच संपतो. पण दातांच्या दृष्टीनं त्याहून वाईट म्हणजे तो चहा दिवसभर पसरलेला असतो. सहा वेळा आम्ल, सहा वेळा अर्धा अर्धा तास. त्यात काही जण कप पुढ्यात ठेवून पाऊण तास घोट घोट घेत बसतात. त्यापेक्षा जेवणाबरोबर दोन जिलब्या खाऊन मोकळं होणारा माणूस दातांच्या बाबतीत शहाणा म्हणायचा. साखरेच्या आजाराची गोष्ट वेगळी, तिथं जिलबीला माझी वकिली नाही.

हे ज्या प्रयोगातून स्पष्ट झालं, त्याची हकिगत सांगताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं. स्वीडनमध्ये लुंड इथं विपेहोल्म नावाचं रुग्णालय होतं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी. १९४० च्या दशकात तिथल्या रुग्णांवर आहाराचे प्रयोग सुरू झाले. काहींना जेवणातच साखर दिली, काहींना गोड पाव दिला, आणि काहींना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटून बसणाऱ्या टॉफ्या दिल्या. एका गटाला तर दिवसाला चोवीस. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत; मधल्या वेळेत टॉफ्या चघळणाऱ्यांचे भराभर किडले. निष्कर्ष सगळ्या जगानं स्वीकारला. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेटं द्यायची रीत पडली, ती त्यातूनच. पण ज्यांचे दात या ज्ञानासाठी गेले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. आज असा प्रयोग कुठंही करता येणार नाही, आणि करूही नये. ही माहिती फुकट मिळालेली नाही, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. पुष्कळांना वाटतं, साखर वाईट, गूळ चांगला. गुळात लोह थोडं असेल, पण दातावरच्या जिवाणूंना गूळ आणि साखर यांत काही फरक वाटत नाही. मध, काकवी, खजूर, मनुका यांचंही तेच. उलट चिकट असेल तर ते अधिक वेळ चिकटून बसतं. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू दाढेच्या खाचेत किती वेळ राहतो, हे ज्यानं त्यानं जिभेनं तपासून पाहावं. दुसरा गैरसमज म्हणजे गोड नाही म्हणजे निर्धोक. चहात बुडवून खाल्लेलं बिस्कीट, बटाट्याचे वेफर्स, मैद्याची खारी यांचा दाढांवर लगदा होऊन बसतो. त्यातल्या पिठाची तोंडातच साखर होऊ लागते. पटकन विरघळून जाणाऱ्या चॉकलेटपेक्षा वेफर्सचा चुरा अधिक वेळ टिकतो, हे ऐकून माझ्या मुलीनं मला जिंकल्यासारखं पाहिलं होतं.

मधल्या वेळेला भूक लागली तर काय खावं? भाजलेले शेंगदाणे. ते दातांवर आम्ल करत नाहीत आणि चावताना लाळ सुटते. काकडी, मुळा, गाजर, फुटाणेही चालतील. आपल्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायची पद्धत आहे, ती मोडू नये. गूळ आधी खावा आणि पाणी नंतर, तोंडात खळखळून प्यावं. बाटलीतली फसफसणारी पेयं मात्र दुहेरी नुकसान करतात. त्यांत साखर असते आणि आम्लही असतं. साखर नसलेली घेतली तरी आम्ल उरतंच. आणि आंबट काही खाल्ल्या-प्याल्यावर लगेच दात घासू नयेत, अर्धा तास थांबावं, कारण मऊ पडलेलं इनॅमल ब्रशनं खरवडलं जातं.

लहान मुलांच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. बाळ झोपावं म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन ठेवतात. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. वरचे पुढचे चार दात त्या दुधात रात्रभर भिजत राहतात. दोन-अडीच वर्षांच्या पोरांचे दात काळे, खुंटासारखे झालेले मी आमच्याच गल्लीत पाहिले आहेत. त्यातली एक मुलगी हसताना ओठावर हात धरायची, अजून नीट बोलताही येत नव्हतं तेव्हापासून. 'दुधाचेच तर दात, पडायचेच आहेत' असं मोठी माणसं म्हणतात. पण त्या दातांनी पोराला सहा-सात वर्षं, आणि दाढांनी तर दहा-अकरा वर्षांपर्यंत जेवायचं असतं. दुखऱ्या दाढेचं पोर जेवत नाही, झोपत नाही, त्याचं वजन वाढत नाही. शिवाय दुधाची दाढ वेळेआधी गेली, की खालून येणाऱ्या दाताची वाट चुकते. खोकल्याचं गोड औषध रात्री पाजलं तर वर दोन घोट पाणी पाजा. आणि एक गोष्ट बहुतेक घरांत ठाऊकच नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं गुपचूप एक मोठी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. ती गेली की दुसरी येत नाही.

बाईच्या दातांबद्दलही एक जुनी समजूत आहे, की एका बाळंतपणाला एक दात जातो, पोर आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं. तसं होत नाही. दातातलं कॅल्शियम असं काढून घेता येत नाही. त्या दिवसांत उलट्यांचं आम्ल दातांवर येतं, थोडं थोडं वरचेवर खाल्लं जातं, हिरड्या लवकर सुजतात, आणि स्वतःकडं बघायला बाईला वेळ नसतो. दात जातात ते यामुळे. बाळाच्या दुधाच्या दातांची जडणघडण मात्र पोटातच सुरू होते, तेव्हा आईनं पोटभर आणि चांगलं खायला हवं, ते खरंच. त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ आहेत, दूध-दही आहे, आणि आमच्यासारख्या खाणाऱ्यांना काट्यासकट खायचे सुकट, जवळा आहेत.

पाणी हाही आहारच. फ्लोराइड थोडं असेल तर दात बळकट होतात, जास्त झालं तर तेच दात बिघडवतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. तिथं दात तयार होण्याच्या वयात ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. बाहेरगावी शिकायला गेलेल्या अशा पोरांना लोक दात न घासणारी समजतात, हे फार वाईट आहे.

हिरड्यांचं दुखणं वेगळं. ते मुकाट असतं. दाढ ठणकते, हिरडी फक्त रक्त दाखवते. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरची गोष्ट तुम्ही वाचली असेल. १७४७ साली त्यानं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांना दोन दोन करून वेगवेगळे उपाय दिले. ज्या दोघांना संत्री-लिंबं मिळाली ते झटपट उठले. हिरड्या सुजणं, दात हलणं हे सगळं क जीवनसत्त्वावाचून झालं होतं. आपल्याकडं आवळा आणि पेरू या दोन्हींत ते संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक. पण म्हणून हिरडीतून रक्त आलं की दुकानातून गोळ्या आणायच्या, हे बरोबर नाही. शंभरातल्या बहुतेकांच्या हिरड्या दातांच्या मुळाशी साचलेल्या थरानं आणि त्याच्या कीटणानं सुजलेल्या असतात. रक्त येतं म्हणून लोक तिथं ब्रश लावायचं थांबतात, आणि नेमकी तीच जागा हळुवार पण रोज साफ करायला हवी असते. मधुमेह असेल तर हिरड्या अधिक बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की रक्तातली साखर आटोक्यात येत नाही. दोघांचं साटंलोटं आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांना तोंडही उघडून दाखवावं.

आणि मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली पूड. कोकणात आणि आमच्या भागात कितीतरी बायका ती सकाळी हिरड्यांना लावतात. माझ्या फुपूनं चाळीसएक वर्षं लावली. कुणी काही म्हणालं की ती विचारायची, "मिसरी बिगर दिन कैसा निकलता रे?" तिला वाटायचं, दात बळकट राहतात. तंबाखूनं हिरडीचं रक्त वाहणं कमी होतं, त्यामुळं हिरडी आतून खंगत असली तरी वरून शांत दिसते. सुपारीचं तर विचारूच नका. नुसती सुपारी, तंबाखूशिवायचीसुद्धा, कर्करोगाला कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दिलेला आहे. ती चघळून चघळून गालाची कातडी आतून ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. २०१२ साली आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आली. ती किती पाळली जाते, हे कुठल्याही पानटपरीपुढच्या रस्त्यावर वाचता येतं.

रमजानमध्ये दातांना खरं तर नामी उसंत मिळते. तेरा-चौदा तास तोंडात काही नाही. पण इफ्तारपासून झोपेपर्यंत आपण सरबत, खजूर, भजी, शिरखुर्मा यांची रांग लावतो आणि दिवसाचं उट्टं रात्री काढतो. यात मुसलमान एकटे नाहीत. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे काही आम्ही रचलेलं नाही, आणि साबुदाण्याची खिचडी दाढांना कमी चिकटत नाही. दिवसभर पाणी नसल्यानं तोंड कोरडं असतं, तेव्हा खजुरानं रोजा सोडल्यावर पाणी तोंडभर फिरवून प्यावं. गोड काय खायचं ते जेवणाबरोबरच संपवावं. सेहरी झाल्यावर अजानीच्या आधी दात घासून घ्यावेत, नाहीतर सेहरीचा पराठा संध्याकाळपर्यंत सोबत राहतो. मिस्वाक आहेच, पीलूच्या झाडाची काडी. बाभळीचं, निंबाचं दातणही त्याच गोत्रातलं. काडी उत्तम, फक्त ती पुढच्या दातांवर मिरवून थांबू नये, दाढांपर्यंत पोचावी.

शेवटी आहार दातांवर परिणाम करतो तसे दातही आहारावर करतात, हे आम्ही फुपूच्या बाबतीत पाहिलं. साठीनंतर तिचे दात एकेक करून हलून पडले. प्रथम शेंगदाणे गेले, मग ऊस, मग भाकरीचा पापुद्रा. मटण तर ती नुसत्या रश्श्यावर आली. पालेभाजीचे दोरे चावेनात. उरलं काय, तर चहात बुडवलेला पाव आणि बिस्किटं, दिवसातून चार वेळा. म्हणजे उरलेल्या दातांना जे सगळ्यात वाईट तेच, आणि पोटाला ज्यात काही नाही तेही तेच. चेहरा आत गेला. बोलणंही बदललं. त, थ, द, ध, न यांना आपण दंत्य म्हणतो ते उगाच नव्हे. मराठीतला चुलीतला च आणि जात्यातला ज दातांमागं जीभ टेकवल्यावाचून उमटत नाही. जात्यावर बसून घर जागं करणाऱ्या बाईला 'जातं' हा शब्द नीट म्हणता येईना, हे मला तिच्या भाकरीपेक्षाही जास्त लागलं.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं थोडक्या पैशात कवळी करून मिळते. दोन-तीन फेऱ्या पडतात, रांगेत बसावं लागतं, पण काम होतं. फुपूची कवळी अशीच झाली. पहिले पंधरा दिवस ती डब्यातच राहिली, कारण टोचायची. पुन्हा नेऊन घासून आणली. आता ती नाचणीची भाकरी डाळीत कुस्करून खाते, मेथी बारीक चिरलेली असेल तर खाते, शेंगदाण्याचं कूट खाते. बिस्किटांचा पुडा संपायला आठवडा लागतो. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची असते आणि हिरड्या ओल्या फडक्यानं पुसायच्या असतात, दात नसले तरी. सकाळी पुन्हा एकदा. फुपू ते पूर्वी मशेरी लावायची त्याच वेळी, त्याच पायरीवर बसून, त्याच बोटानं करते. मशेरीची डबी अजून उशाशी असते. ती उघडलेली मात्र मी इतक्यात पाहिलेली नाही.